पत्रिकेच्या तळाची ओळ : वेबसाईटचे सामाईक भाग आणि सर्च इंजिनचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून देतोय. बोलण्याच्या ओघात आलेलं बरंचसं तसंच ठेवलंय, तेवढं सांभाळून घ्या.

सुरुवात लग्नपत्रिकेपासून करू या. पत्रिका हातात आली की आपण काय वाचतो? वर गणपतीचं चित्र असतं, मग 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असतं, खाली अगत्याचं निमंत्रण असतं. हे सगळं आपण न वाचताच ओलांडतो. डोळा थेट जातो वधूवरांच्या नावांवर, मग तारखेवर, मुहूर्तावर आणि कार्यालयाच्या पत्त्यावर. अगदी तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं. पाचशे पत्रिका वाटल्या गेल्या, म्हणून पाचशे घरांनी त्या छापखान्याची शिफारस केली असं कुणी म्हणत नाही.

हे शहाणपण आपल्याला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. सर्च इंजिनला मात्र ते शिकावं लागलं, आणि शिकायला दीड-दोन दशकं गेली. वेबसाईटच्या प्रत्येक पानावर तेच ते दिसणारे भाग असतात : वरची पट्टी, मेन्यू, बाजूचा रकाना, तळाचा फूटर. शोधाच्या निकालात कोण वर आणि कोण खाली, हे ठरवताना या भागांना किती किंमत द्यायची? वाटतो तितका हा प्रश्न कोरडा नाही. त्यावर लोकांचे धंदे उभे राहिले आणि बसलेही. बसलेल्यांमध्ये मीही होतो.

माझी तळाची ओळ

२००९ च्या सुमारास पुण्यात मी आणि माझा एक मित्र छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाईट बनवायचो. कुणाचं दुकान, कुणाचा क्लास, कुणाचं कोकणातलं घरगुती मुक्कामाचं ठिकाण. प्रत्येक साईटच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आम्ही आमची एक ओळ टाकायचो. तिच्यात आमचं नाव नसायचंच. 'पुण्यात स्वस्त वेबसाईट डिझाईन' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असायचे, आणि त्या शब्दांवर आमच्या साईटची लिंक. चाळीसेक साईट, प्रत्येकीची दहा-वीस पानं. म्हणजे पाचशेहून जास्त लिंक आमच्याकडे बोट दाखवत होत्या. तेच शब्द गुगलवर शोधले की आम्ही पहिल्या पानावर दिसायचो. फोन यायचे. आम्हाला वाटायचं, आपण फार हुशार.

२०१२ च्या एप्रिलनंतर फोन थांबले. त्याचं कारण समजून घ्यायला आधी मागे जावं लागेल.

एकच गोष्ट साठ ठिकाणी

सामाईक भाग मुळात आले ते सोयीसाठी. वेबच्या पहिल्या वर्षांत प्रत्येक पान ही हाताने लिहिलेली वेगळी फाईल होती. साठ पानांची साईट असेल आणि फोन नंबर बदलला, तर साठ फायली उघडायच्या. एखादी राहूनच जायची. यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे सर्व्हरनेच पान पाठवताना मेन्यू आणि फूटरचा तुकडा आत जोडून द्यायचा. पुढे पीएचपीसारख्या भाषांनी हे अगदी सोपं केलं. दुसरा उपाय म्हणजे फ्रेम्स, ज्या १९९६ साली नेटस्केपच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आल्या. पडद्याचे भाग पाडायचे, डाव्या भागात मेन्यू कायम, उजव्या भागात मजकूर बदलता.

फ्रेम्समध्ये मेन्यूची फाईल वेगळी आणि मजकुराची वेगळी. सर्च इंजिनला मजकुराचं पान सापडायचं, पण त्यावरून येणारा वाचक थेट त्या सुट्या पानावर पडायचा. ना मेन्यू, ना साईटचं नाव, ना परतीची वाट. आडगावच्या थांब्यावर एसटीतून उतरावं आणि पाटीच नसावी, तसं. म्हणून फ्रेम्स मागे पडल्या आणि सर्व्हरवर जोडलेला तुकडा टिकला. वाचकाची सोय झाली. पण सर्च इंजिनच्या दृष्टीने आता साठही पानांवर तेच शब्द आणि त्याच लिंक छापलेल्या होत्या.

सगळीकडे असलेला शब्द

वेब येण्याच्या कितीतरी आधी, १९७२ साली, इंग्लंडमध्ये केंब्रिजला काम करणाऱ्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी एक साधी, पण खोल गोष्ट मांडली होती. एखादा शब्द संग्रहातल्या जवळजवळ प्रत्येक कागदात असेल, तर शोधासाठी त्याची किंमत कमी. जो थोड्याच कागदांत असेल, त्याची जास्त. सगळ्या पत्रिकांवर 'श्रीकृपेकरून' आहे, म्हणून त्या शब्दाने कुठलीच पत्रिका ओळखता येत नाही. कार्यालयाच्या नावाने येते.

पण वेबवर यात एक अडचण होती. 'क्रीडा' हा शब्द एका वर्तमानपत्राच्या सगळ्या पानांवर मेन्यूत असेल, तरी अख्ख्या वेबच्या मानाने तो दुर्मीळच. त्यामुळे क्रीडा शोधणाऱ्यासमोर अर्थसंकल्पाच्या बातमीचं पानही येऊ शकायचं, कारण त्या पानाच्या मेन्यूत तो शब्द होता. मेन्यूतला शब्द आणि मजकुरातला शब्द यांत फरक करायचा, तर आधी मेन्यू कुठे संपतो हे यंत्राला कळायला हवं.

१९९८ : मतं मोजायला सुरुवात

आता शोधाच्या इतिहासातलं मोठं वर्ष. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी गुगलच्या रचनेवरचा आपला निबंध ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या परिषदेत मांडला. त्यांची कल्पना अशी की लिंक म्हणजे एक प्रकारचं मत. महत्त्वाच्या पानाने दिलेलं मत जास्त मोलाचं. पान आपलं वजन आपल्यावरच्या सगळ्या लिंकमध्ये सारखं वाटून टाकतं. लिंकवरचे शब्दही ज्या पानाकडे ती जाते, त्या पानाच्या खात्यात जमा होतात.

यातला 'सारखं' हा शब्द लक्षात ठेवा. एखाद्या पानावर मेन्यू आणि फूटरच्या मिळून एकोणपन्नास लिंक आहेत, आणि लेखकाने विचार करून मजकुरात दिलेली एकच. तर मूळ सूत्राप्रमाणे त्या एका लिंकला वाटणीचा पन्नासावा हिस्सा, आणि फूटरमधल्या 'आमच्या अटी'लाही पन्नासावाच.

त्याच सुमारास जॉन क्लाइनबर्ग हे संशोधक लिंकवरूनच महत्त्वाची पानं शोधायची दुसरी पद्धत मांडत होते. त्यांचा निबंध मी पहिल्यांदा वाचला तो धंदा बसल्यावर, आणि वाचताना कान लाल झाले. ते म्हणतात, एकाच डोमेनच्या आतल्या लिंक बहुतेक वेळा नुसत्या साईटमध्ये फिरण्यासाठी असतात, म्हणून त्या मोजणीतून काढून टाका. पुढे ते आणखी एक प्रकार सांगतात : एका साईटच्या सगळ्या पानांच्या तळाशी 'ही साईट अमक्याने बनवली' अशी ओळ आणि तिला जोडलेली लिंक. अशा वेळी एका डोमेनमधून एका पानाकडे जाणाऱ्या चार ते आठच लिंक धराव्यात, असा उपाय त्यांनी सुचवला होता.

म्हणजे बघा. आम्ही २००९ मध्ये जी युक्ती शोधली म्हणून मिरवत होतो, ती दहा वर्षांपूर्वीच नावागावासकट लिहून ठेवलेली होती.

१९९८ मध्येच कृष्णा भरत आणि मोनिका हेन्झिंगर यांनी आणखी नेटका हिशोब दिला. एका साईटच्या शंभर पानांनी दुसरीकडच्या एकाच पानाला लिंक दिली, तर प्रत्येक लिंकची किंमत शंभरावा भाग धरायची. शंभर मिळून एक मत. पानं कितीही असोत, सांगणारा एकच आहे. हे भरत म्हणजे पुढे गुगल न्यूज घडवणारे. आयआयटी मद्रासचे विद्यार्थी.

तळाच्या जागेचा बाजार

कागदावर उत्तर होतं, पण बाजार कागद वाचत नाही. लिंकला किंमत आहे हे कळल्यावर २००० नंतरच्या दशकात पानाच्या तळाला भाव आला. किती जणांनी साईट पाहिली ते मोजणारा फुकटचा काउंटर घ्या, त्याच्यासोबत एक लिंक यायची. साईटचा फुकट साचा घ्या, त्याच्या फूटरमध्ये भलत्याच व्यवसायाची लिंक. कुणी लिंक महिन्याच्या भाड्याने विकायचे, आणि 'सगळ्या पानांवर' असेल तर भाडं जास्त.

लबाडी नसतानाही गंमत व्हायची. असंख्य साईटवर 'पीडीएफ वाचण्याचं सॉफ्टवेअर हवं असल्यास इथे क्लिक करा' अशी ओळ असायची. परिणाम असा की गुगलवर इंग्रजीत 'क्लिक हियर' शोधलं की ॲडोबीचं रीडर उतरवण्याचं पान सर्वात वर यायचं. एकसारखी ओळ सगळीकडे छापली की ती काय करू शकते, याचा याहून चांगला नमुना नाही.

साचा ओळखायची धडपड

मग संशोधक साच्याच्याच मागे लागले. २००२ मध्ये झिव बार-योसेफ आणि श्रीधर राजगोपालन यांनी साचे आपोआप ओळखायची पद्धत मांडली. पानाचे छोटे तुकडे करायचे आणि तोच तुकडा अनेक पानांवर आढळला तर तो साचा. असे तुकडे बाजूला काढले की लिंकवर चालणाऱ्या शोधाचे निकाल सुधारतात, असं त्यांना दिसलं. त्यांचा मुद्दा असा की लिंक हे मत मानायचं, तर ती लेखकाने त्या पानासाठी दिलेली हवी. साच्यातली लिंक त्या पानासाठी कुणीच दिलेली नसते.

पुढच्या दोन वर्षांत मायक्रोसॉफ्टच्या बीजिंगमधल्या संशोधकांनी पान डोळ्याला कसं दिसतं यावरून त्याचे गट पाडले, आणि कुठल्या गटाला किती महत्त्व द्यायचं हे यंत्राला शिकवलं. मग २००५ मध्ये डेव्हिड गिब्सन, कुणाल पुनेरा आणि अँड्र्यू टॉमकिन्स यांनी वेबवर साच्याचं प्रमाण किती, हेच मोजलं. उत्तर आलं ४० ते ५० टक्के, आणि ते दरवर्षी ६ ते ८ टक्क्यांनी वाढतंय. जवळपास निम्मं वेब म्हणजे गणपतीचं चित्र, 'श्रीकृपेकरून' आणि छापखान्याचं नाव!

त्याच वर्षी गुगलमध्ये इयन हिक्सन यांनी अब्जाहून जास्त पानं तपासली आणि लोक आपल्या पानांच्या भागांना काय नावं देतात ते पाहिलं. सगळ्यात जास्त वेळा आढळलेलं नाव होतं 'फूटर'. मेन्यू, हेडर, कंटेंट ही नावंही वरच होती. एचटीएमएल ५ मध्ये पुढे हेडर, नॅव्ह आणि फूटर अशी खास खूण असलेले भाग आले, त्यामागे लोकांची हीच सवय होती. आता साईट बनवणाराच यंत्राला सांगू शकत होता : हे माझं मंगलाचरण आहे, मजकूर पुढे आहे.

गुगलच्या बाजूने एक पेटंट फार बोलकं आहे. जेफ डीन आणि सहकाऱ्यांचा तो अर्ज जून २००४ चा, आणि मंजुरी मे २०१० ची. त्यात 'सारखी वाटणी' मोडीत काढली आहे. वाचक ज्या लिंकवर क्लिक करण्याची शक्यता जास्त, तिला जास्त वजन. लिंक पानावर कुठे आहे, अक्षर केवढं आहे, तिचा मजकुराशी संबंध आहे का, हे सगळं बघायचं. अटी-शर्तींच्या लिंकवर कोण क्लिक करतो? मग तिचं वजनही तेवढंच. पेटंट आहे म्हणजे ते जसंच्या तसं वापरात आहे असं होत नाही, आणि गुगल आपलं पूर्ण सूत्र सांगत नाही. पण विचाराची दिशा स्पष्ट आहे. यंत्राला वाचकासारखं बघायला शिकवायचं.

मराठी पानांची उलटी गोष्ट

इथे जरा आपल्या घरात डोकावू. जगभर साचा बाजूला काढून मजकूर वाचायची धडपड चालली होती, तेव्हा बऱ्याच मराठी साईटचं नेमकं उलटं झालं होतं. आपली पानं ज्याच्या त्याच्या खास फॉन्टमध्ये असायची. पडद्यावर 'पाऊस' दिसायचा, पण आत साठवलेली असायची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि तीही प्रत्येक फॉन्टची वेगळी. सर्च इंजिनला अख्खा लेख म्हणजे निव्वळ गिचमिड. त्याला वाचता येणारं असायचं ते फक्त मेन्यू आणि फूटरमधलं इंग्रजी : होम, काँटॅक्ट, कॉपीराइट. पत्रिकेवरचं वधूवरांचं नाव पुसलेलं आणि छापखान्याचं तेवढं ठळक.

युनिकोडमध्ये देवनागरीला जागा १९९१ पासूनच होती. विंडोज २००० पासून ती सामान्य संगणकावर नीट दिसू लागली, आणि १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने ती वापरली. जी साईट युनिकोडवर आली, तिचा मजकूर शोधात दिसू लागला. जिची जुनी पानं तशीच राहिली, ती आजही शोधाच्या लेखी मुकी आहेत. मजकूरच वाचता येत नसेल, तर साईटला फक्त साचा उरतो.

पेंग्विन आणि काकूंचा फोन

२४ एप्रिल २०१२. गुगलने पेंग्विन नावाचा बदल आणला. बनावट, एकसाची लिंकांच्या जोरावर वर चढलेल्यांना खाली आणणं हा त्याचा उद्देश. पुढे गुगलच्या नियमांच्या यादीत उदाहरण म्हणून स्पष्टच लिहिलेलं दिसायचं : वेगवेगळ्या साईटच्या फूटरमध्ये किंवा साच्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर पसरलेल्या लिंक. आमचंच वर्णन.

पहिल्या पानावरून आम्ही नाहीसे झालो. मित्राने नोकरी धरली. मी बसून एकेक ग्राहकाला फोन करू लागलो, की तुमच्या साईटच्या तळाची आमची ओळ काढतोय. त्यात दापोलीकडच्या एक काकू होत्या, घरच्या चार खोल्या मुक्कामाला देणाऱ्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "अहो, म्हणजे इतकी वर्षं आमच्या पानावर तुमची जाहिरात चालू होती. पैसे तर आम्ही दिले होते ना?"

याला उत्तर नव्हतं. मग त्यांची साईट उघडून बसलो आणि आणखी ओशाळलो. दहा पानं. प्रत्येकाच्या तळाशी मीच टाकलेला दीडशे शब्दांचा तोच परिच्छेद, दापोली हॉटेल, दापोली होमस्टे, कोकण मुक्काम असे शब्द कोंबलेला. आणि प्रत्येक पानाचा स्वतःचा मजकूर? वीस-तीस शब्द. शोधाच्या दृष्टीने तिथे दहा पानं नव्हतीच. एकच पान दहा वेळा छापलेलं होतं.

तो परिच्छेद मी काढला आणि काकूंना म्हटलं, लोक फोनवर तुम्हाला काय काय विचारतात ते सांगा. त्या बोलत गेल्या, मी लिहीत गेलो. गाडी अंगणापर्यंत येते का, रात्री उशीर झाला तर जेवण मिळतं का, समुद्र चालत किती लांब, म्हाताऱ्यांसाठी कमोड आहे का. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या त्या पानावर गेलं. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. कुणीतरी म्हणालं होतं, "रात्री दहानंतर पोचलो तरी गरम पिठलं-भात मिळतो असं वाचलं, म्हणून फोन केला." ती ओळ एकाच पानावर होती, एकदाच.

मग मेन्यू-फूटर निरुपयोगी का?

अजिबात नाही. हा गैरसमज घेऊन जाऊ नका. साईटच्या आतल्या लिंक यंत्राला सांगतात की तुमच्या लेखी कुठलं पान मुख्य आहे. मेन्यूत ज्याचं नाव, ते पान लवकर सापडतं. ज्या पानाकडे कुठूनच लिंक नाही, ते सर्च इंजिनला सापडलं तर नशीब. पण मेन्यूत दोनशे लिंक कोंबल्या, तर सगळंच महत्त्वाचं म्हणजे काहीच महत्त्वाचं नाही. फूटरमध्ये पत्ता, फोन, संपर्क असू द्या, कारण माणसं तो तिथेच शोधतात. आणि साईट बनवणाऱ्याने आपलं नाव टाकायचं असेल, तर ग्राहकाला विचारून, साधं नाव, पहिल्या पानावर. छापखाना टाकतो तसं.

मला या इतिहासातून एक गोष्ट कळली ती अशी. पुन्हा पुन्हा छापलं म्हणजे साक्ष होत नाही. क्लाइनबर्गची चार-आठ मतं, भरत-हेन्झिंगरचा शंभरावा भाग, साचे ओळखणारे, डीनचं पेटंट, सगळे तेच सांगत होते. आणि काकूंनी ते फोनवर एका वाक्यात सांगितलं.

आता पुढची पत्रिका हातात आली की तळाची बारीक ओळ एकदा वाचा. छापखान्याचं नाव तिथे शोभतं, कारण ते कुणाची जागा अडवत नाही.

आजच्यापुरतं इतकंच. पुन्हा भेटू. नमस्कार.